बांधणीपूर्वीची पाहणी

“मामा, आज रात्री संगणक बंद करू नका हं, बांधकाम चालू आहे,” एवढे बजावून माझा भाचा जेवायला गेला, तेव्हा चुन्याविटांचा मागमूस नसलेल्या त्या खोलीत मी पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे आणि त्यांच्या डाव्या कडेला मंद गतीने वाढणाऱ्या टक्केवारीकडे काहीशा साशंक कुतूहलाने पाहत बसलो. पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी त्याला जिआंट-४ नावाची सिम्युलेशनची लायब्ररी हवी होती, आणि ती आयती न घेता मूळ संहितेपासून, म्हणजे सोर्स कोडपासून, घडवून घेण्याचा त्याच्या मार्गदर्शकांचा आग्रह होता.

या लायब्ररीचे काम असे की, एखादा क्ष-किरण, न्यूट्रॉन अथवा प्रोटॉन पदार्थातून जाताना कोठे आपटेल, किती ऊर्जा गमावील आणि कोणती नवी संतती मागे ठेवील, याचा प्रयोग प्रत्यक्ष किरण न सोडता, केवळ संभाव्यतेचे फासे लक्षावधी वेळा टाकून करून दाखवायचा. जुगाराच्या अड्ड्यावरून माँटे कार्लो हे नाव पडलेली ही पद्धती उलाम, फॉन नॉयमन आणि मेट्रोपोलिस यांनी महायुद्धानंतरच्या काळात लॉस अलामॉस येथे रूढ केली. जिआंटची पूर्वीची आवृत्ती फोर्ट्रान भाषेत होती. १९९३ साली युरोपातील सर्न आणि जपानमधील केईके या दोन संस्थांनी तिच्या नूतनीकरणाचा स्वतंत्रपणे विचार केला, पुढे ते प्रयत्न एकत्र आले, आणि सी प्लस प्लस भाषेत नव्याने लिहिलेली चौथी आवृत्ती डिसेंबर १९९८ मध्ये सर्वांच्या हाती पडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने आखलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेचा सुमारे ५० हजार टन लोखंडाचा शोधक कागदावर असतानाच त्याच्या गुणदोषांची परीक्षा शास्त्रज्ञांनी याच साधनाने केली.

आता आयते सोडून घडवण्याचा हा खटाटोप कशासाठी? मनुष्याने लिहिलेली संहिता संगणकाच्या प्रोसेसरला जशीच्या तशी कळत नाही. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. हे काम दुसऱ्या कोणी त्याच्या संगणकावर केले असेल, तर अनेक कोअर एकाच वेळी वापरायचे की नाही, चित्रे दाखवण्याची सोय ठेवायची की नाही, हे सर्व निर्णयही त्यानेच घेतलेले असतात. आणि संशोधनात, ज्या साधनाच्या उत्तरावर आपण सही करणार, त्याच्या घडणीतील निवडी निदान आपल्याला ठाऊक तरी असाव्यात, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

घडवणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोहाराचा भाता येतो. परंतु या उद्योगाचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत रंजक भाग लोहाराचा नसून मोजणीदाराचा आहे. संहितेची गाठोडी उलगडून झाली, की तिच्या फोल्डरबाहेर एक निराळे रिकामे फोल्डर करावे लागते, कारण मूळ दस्तऐवजात कामाचा कचरा मिसळण्यास जिआंट-४ची सक्त मनाई आहे. आणि मग त्या रिकाम्या जागेत सीमेक नावाच्या प्रोग्रामला पाचारण करायचे. (हा सीमेकदेखील असाच एका वैद्यकीय प्रतिमांच्या लायब्ररीसाठी, वेगवेगळ्या यंत्रांवर तिची बांधणी करता यावी म्हणून, २००० सालच्या सुमारास निर्माण झाला.) सीमेक स्वतः काहीही बांधत नाही. तो यंत्राची झडती घेतो: कंपायलर कोणता, तो पुरेसा नवा आहे काय, अमुक लायब्ररी हजर आहे काय, असल्यास कोणत्या ठिकाणी, शंका आली तर चारदोन ओळींचा एखादा चिमुकला प्रोग्राम तेथल्या तेथे लिहून, तो कंपाइल होतो की नाही, याचीही खातरजमा करून घेतो, आणि सर्व जाबजबाब एका दप्तरात नोंदवून मगच बांधणीचा आराखडा सिद्ध करतो.

या झडतीत आमचे घोडे एकदा अडलेच. खिडक्या आणि चित्रे दाखवणारी क्यूटी नावाची लायब्ररी हवी, असे भाच्याने फर्मावले होते; त्याच लायब्ररीवर चालणारे दोन प्रोग्राम समोर उघडे असताना सीमेकने मात्र ती सापडत नसल्याची हरकत नोंदवली. अर्धा तास चिडचिड झाल्यावर उलगडा झाला. तयार प्रोग्राम चालवण्यापुरता लायब्ररीचा यंत्रभाषेतील भाग संगणकावर होता. पण तिच्या आधाराने नवे बांधायचे, तर तिच्यात कोणत्या क्रिया आहेत आणि त्यांना काय पुरवावे लागते, हे कंपायलरला सांगणाऱ्या हेडर फायलीही लागतात, आणि लिनक्सवर त्या बहुधा वेगळ्या पुडक्यात ठेवण्याचा शिरस्ता आहे. ते पुडके घेतले, तेव्हा हरकत मागे घेण्यात आली.

पाहणी निर्विघ्न पार पडल्यावर जे सुरू होते, तेच भाच्याचे ‘बांधकाम’. बेल लॅबमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेला मेक हा प्रोग्राम येथे मुकादमाची जागा घेतो: कोणती फाइल कोणत्या फायलीवर अवलंबून आहे ते पाहायचे, आणि जी बदलली असेल तेवढीच, आणि तिच्यावर विसंबलेल्या, पुन्हा करायच्या. (त्याच्या लिखाणात ओळीच्या आरंभी टॅबच हवा, मोकळ्या जागा चालत नाहीत, या जाचाबद्दल असे सांगतात की, चूक ध्यानात आली तोवर तो वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची गैरसोय फेल्डमन यांना करवेना, ते डझनभर सुखी राहिले.) कंपाइल झालेले तुकडे अखेरीस लिंकर जोडतो, आणि त्यानंतरचे इन्स्टॉल हे पाऊल म्हणजे तयार माल कारखान्यातून उचलून नेमल्या जागी लावणे, याहून अधिक काही नाही.

सकाळी लायब्ररी तयार होती. तरी पहिलाच प्रयोग सुरू होताच बंद पडला. मंद न्यूट्रॉन कसे विखुरतात, किरणोत्सारी अणूंचा क्षय कसा होतो, याचे मोजमापांतून जमवलेले तक्ते संहितेत नसतात; ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात आणि त्यांचा ठावठिकाणा प्रोग्रामला कळवावा लागतो. भाच्याने तक्ते उतरवले होते, पण पत्ता कळवणारी छोटी आज्ञावली त्या टर्मिनलमध्ये चालवायची राहून गेली होती.

ती चालवल्यावर लायब्ररीसोबत येणारे बी-१ हे प्राथमिक उदाहरण त्याने लावले: पाण्याच्या पेटीत ऊतीसदृश पदार्थाचा एक शंकू आणि हाडासारख्या पदार्थाचा एक ठोकळा, आणि त्यांवर ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण. पडद्यावर हाडाने शोषलेल्या मात्रेचा आकडा उमटला आणि त्याच्या शेजारी त्यातील अनिश्चितताही. मी तो वहीत टिपला आणि प्रयोग पुन्हा करायला सांगितले. आकडा तोच आला. फासे टाकून काढलेले उत्तर दोनदा सारखे कसे, असे विचारता भाचा म्हणाला, “मामा, हे फासे सूत्राने पडतात, आरंभीचे बीज तेच ठेवले, तर दानेही तीच पडणार.” मग त्याने बीज बदलले. नवा आकडा पहिल्याहून किंचित निराळा होता, आणि दोहोंतील फरक शेजारी लिहिलेल्या अनिश्चिततेच्या आत बसत होता.