माइकचा सल्ला विचारण्यापूर्वी

गायनासाठी माइक घेऊ पाहणारी व्यक्ती दुकानदाराला किंवा एखाद्या जाणत्या गायकाला बहुधा एवढेच विचारते, की सर्वांत चांगला माइक कोणता. आणि या प्रश्नात ना गळ्याचा उल्लेख असतो, ना जागेचा, ना माइक ज्या मिक्सरला जोडायचा त्याचा, त्यामुळे सल्ला देणाऱ्याला स्वतःच्या आवडीचे नाव सांगून मोकळे होण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

अमेरिकेतील शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ मध्ये बाजारात आला आणि आजही जगभरच्या रंगमंचांवर दिसतो, तरीही तो प्रत्येकाला मानवतोच असे नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. एका दिशेचा आवाज अधिक घेणाऱ्या माइकजवळ तोंड जसजसे येते तसतसा आवाजातील खर्ज फुगत जातो, ज्याला निकटता-परिणाम म्हणतात. ओठ जाळीला जवळजवळ टेकवून गाणाऱ्यांसाठी घडवलेल्या या माइकमध्ये तो फुगवटा आवरावा म्हणून खालचे स्वर मुळातच उतरते ठेवलेले आहेत. साहजिकच वीतभर अंतरावरून गाणाऱ्याचा आवाज त्यात पातळ वाटतो, आणि दोष मात्र माइकच्या माथी मारला जातो. म्हणून तोंड आणि माइक यांतील अंतर न सांगता विचारलेला सल्ला अपुराच राहतो.

मॉनिटरची, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरची जागाही तितकीच निर्णायक असते, पण ती सांगण्याचे क्वचितच कोणाला सुचते. समोरचा आवाज अधिक घेणाऱ्या माइकचे कार्डिऑइड आणि सुपरकार्डिऑइड असे प्रकार आहेत. कार्डिऑइड माइक बरोबर मागच्या बाजूचा आवाज सर्वांत कमी घेतो. सुपरकार्डिऑइड त्याहून अरुंद टापूतला आवाज घेत असला, तरी थेट मागे तो काहीसा जागा असतो आणि त्याची बहिरी बाजू समोरून मोजल्यास सुमारे १२५ अंशांवर, म्हणजे मागे पण तिरपी येते. अशा माइकच्या नेमका पाठीमागे मॉनिटर ठेवला, तर महागडा माइक घेऊनही मॉनिटरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजण्याचा धोका राहतो.

माइक ज्या मिक्सरला जोडायचा, त्याचीही माहिती द्यावी लागते. कंडेन्सर प्रकारच्या माइकला बाहेरून वीज लागते, आणि मिक्सरमधून माइकच्याच तारेने येणाऱ्या सुमारे ४८ व्होल्टच्या या पुरवठ्याला फँटम पॉवर म्हणतात. ही सोय मिक्सरमध्ये आहे की नाही, हे आधीच पाहून ठेवलेले बरे.

या सगळ्याचा विचार करून भजनी मंडळातील गायकाने पुढीलप्रमाणे विचारणा केली, तर उत्तर देणाऱ्याचे काम निम्मे हलके होते : ‘उभ्याने गातो, माइक तोंडापासून चार बोटांवर असतो, शेजारी पखवाज वाजतो, मॉनिटर समोर जमिनीवर आहे, मिक्सरला फँटम पॉवर नाही, आणि सध्याच्या माइकमध्ये तार सप्तकातला आवाज टोचतो, यासाठी कोणता माइक पाहावा?’ यातील शेवटची तक्रार सर्वांत मोलाची, कारण नेमके काय खटकते हे कळल्यावर कधीकधी नवा माइक न घेता मिक्सरवर वरचे स्वर थोडे उतरवूनही भागते.

दोन माइक स्वतःच्या गळ्यावर ऐकून पाहता येतील का, हेही जरूर विचारावे. मात्र त्या वेळी दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी, कारण थोडा मोठा वाजणारा माइक कानाला उगीचच सरस वाटतो.