सामायिक संगणकाचे बिल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कंपनी असो वा विद्यापीठ, सर्व्हर सगळे वापरतात आणि खर्च आयटी विभागाच्या नावावर पडतो. वापरेल त्याच्या खाती तो टाकायचा म्हटले की कुरबुर सुरू होते. त्यामागचे चार गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज १: यातून आयटी विभाग कमाई करतो.
वस्तुस्थिती: संस्थेच्या तिजोरीत यामुळे एक रुपयाही वाढत नाही, खर्चाची नोंद फक्त या खात्यातून त्या खात्यात जाते. वापर कमी करणे ज्याच्या हातात आहे, त्याला आकडा दिसावा, हाच हेतू.

गैरसमज २: माणशी समान वाटणी म्हणजे न्याय.
वस्तुस्थिती: चार संशोधकांनी रात्रभरात ६४ कोअर १० तास चालवले, तर ६४० कोअर-तास झाले. पन्नास जणांच्या लेखा विभागाला महिन्यातही तेवढे लागतीलच असे नाही. कोणी किती वापरले याच्या नोंदी यंत्रणा स्वतःच ठेवते: आयबीएमच्या मेनफ्रेमवर एसएमएफ, महासंगणकांवर स्लर्म.

गैरसमज ३: सर्व्हर बंद केला की मीटर थांबतो.
वस्तुस्थिती: अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर थांबवला की त्याचे भाडे थांबते, त्याला जोडलेल्या ईबीएस डिस्कचे मात्र ती काढून टाकेपर्यंत चालूच राहते. प्रकल्प संपतो, डिस्क तशीच पडून राहते. विभागवार बिल आले की ती नजरेत येते.

गैरसमज ४: दर चढा ठेवला की उधळपट्टी थांबते.
वस्तुस्थिती: १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांचा ‘स्पेस ट्रॅव्हल’ हा खेळ मोठ्या जीई संगणकावर एकदा खेळायला सुमारे ७५ डॉलरचा संगणक-वेळ लागे. त्यांनी फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ शोधला, खेळ तिकडे नेला आणि त्याच यंत्रावर पुढे युनिक्स आकाराला आले. जगाचा फायदा झाला. पण गिऱ्हाईक गेले म्हणून मोठ्या यंत्राचा खर्च घटत नाही. समजा, वर्षाचा खर्च १ कोटी आणि वापर १० लाख तास, तर दर तासाला १० रुपये. वापर निम्मा झाला की दर २० रुपये, आणि उरलेलेही दुसरी वाट शोधू लागतात.

म्हणून पहिले काही महिने बिल नुसते दाखवावे, वसूल करू नये. दर कसा काढला ते उघड सांगावे, चुकीच्या नोंदी दुरुस्त कराव्यात. विभागप्रमुखाला बिलातली ओळन्‌ओळ कळली, तरच तो वापराला शिस्त लावेल.