वाकड्या शिंगांचा बैलही चालेल!

ओळख पाहू, दोस्ता! शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. कोण बरं?

बहिणाबाई चौधरी! १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. ऐन तिशीत नवरा वारला. पदरात मुलं, शेतात राबणं, घरी दळण. मनात किती दुःख साठलं असेल! मग त्या काय करायच्या? गायच्या! जात्यावर, शेतात, स्वतः रचलेली गाणी! मुलगा सोपानदेव यांनी त्यातली काही लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला मिळाली.

गाणं असो की चित्र, मन मोकळं होतं. पण हे मोजता येतं का? येतं की!

घाबरलो, चिडलो, की आपलं शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतं. ही जणू शाळेची घंटा! वाजली की सगळे सावध. छानच! पण कुणी ती दिवसभर बडवतच राहिलं तर? जीव नकोसा होईल!

२०१६ साली अमेरिकेतल्या संशोधक गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत जाहीर केली. त्यांनी ३९ मोठ्या माणसांना कागद, रंगीत पेनं आणि माती दिली. ४५ मिनिटं हवं ते करा! आधी आणि नंतर त्यांनी काय तपासलं, माहीत आहे? थुंकी! शी काय म्हणतोस? कॉर्टिसॉल थुंकीतही सापडतं ना!

चारांतल्या सुमारे तिघांचं कॉर्टिसॉल उतरलं! आणि सगळ्यात भारी गोष्ट तर पुढेच आहे. ज्यांना चित्रकलेची फारशी सवयच नव्हती, त्यांनाही सराईतांइतकाच फायदा झाला! मला तर हे वाचून टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

म्हणजे पोळ्याला तू केलेल्या मातीच्या बैलाचं एक शिंग आभाळाकडे अन् दुसरं जमिनीकडे गेलं, तरी काही बिघडत नाही!

मनाला बरं वाटावं म्हणून कलेची अशी मदत घेतात, तिला कला-उपचार म्हणतात. तो शिकलेले ताई-दादा चित्राला मार्क देत नाहीत. फक्त विचारतात, “हा काळा ढग काय म्हणतोय?” मग तोंडाने न सांगता येणारा राग, भीती, रुसवा ढगाच्या नावाने बाहेर पडतो! आणि सांगावंसं नाही वाटलं? तर पुढचा ढग रंगवायला घ्यायचा!