वेअरडेलच्या खनिजशिरा

इंग्लंडच्या उत्तरेकडील पेनाइन डोंगररांगेत वेअरडेल हे शिशाच्या जुन्या खाणींचे खोरे आहे. तेथील चुनखडी, वालुकाश्म आणि शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक, हे थर सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी साचले. पुढे त्यांना उभ्या भेगा पडल्या आणि त्या भेगांत गॅलेना हे शिशाचे, स्फॅलेराइट हे जस्ताचे खनिज आणि हिरव्या-जांभळ्या फ्लोराइटचे स्फटिक भरले; अशा भरलेल्या भेगेला खनिजशीर म्हणतात. कठीण चुनखडीत शीर रुंदावते आणि शेलमध्ये शिरताच चिंचोळी होते, कारण खडक सरकला तरी चुनखडीत फट उघडी राहते, तर मऊ शेल तिला बुजवून टाकतो.

या परिसराच्या खनिजक्षेत्रात मध्यभागी अधिक उष्ण द्रवातून बसणारा फ्लोराइट आणि कडेला बॅराइट हे खनिज अशी मांडणी दिसत असल्याने उष्णतेचा स्रोत मध्याखाली, बहुधा ग्रॅनाइटच्या रूपात, दडला असावा असे भूवैज्ञानिक किंग्जली डनहॅम यांचे अनुमान होते, आणि गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीनेही त्याला दुजोरा दिला. रुकहोप येथे १९६०मध्ये सुरू झालेल्या वेधनात सुमारे ३९० मीटरवर ग्रॅनाइट लागला खरा. परंतु त्याचा माथा झिजलेला होता आणि वरचे थर त्या झिजल्या पृष्ठावर साचलेले होते. म्हणजेच सुमारे ४० कोटी वर्षांचा हा ग्रॅनाइट थरांहूनही जुना निघाला. निवत्या शिलारसातून सुटलेल्या द्रवाने शिरा भरल्या, ही सोपी कल्पना त्यामुळे मागे घ्यावी लागली. तर्क अंशतः चुकला, पण तो पडताळण्याजोगा होता, हेच त्याचे मोठेपण.

मग धातू आणला कोणी? उत्तर फ्लोराइटच्या स्फटिकातच सापडते. स्फटिक वाढताना त्यात अडकलेल्या सूक्ष्म थेंबात द्रवाबरोबर एक बुडबुडाही असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तापवताना तो ज्या तापमानाला नाहीसा होतो, निदान तेवढा तरी मूळ द्रव उष्ण असला पाहिजे, आणि थेंब गोठवून त्याची क्षारता कळते. येथील द्रव शंभर अंश सेल्सियसहून उष्ण आणि समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट होता. अशा पाण्यातील क्लोराइड शिसे आणि जस्त यांना धरून विरघळलेले ठेवते. ग्रॅनाइटमधील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी क्षयाची उष्णता अशा पाण्याच्या अभिसरणाला हातभार लावते. आणि भेगेत गंधकयुक्त द्रवाशी गाठ पडली किंवा तापमान उतरले, की धातू सल्फाइडच्या रूपाने भिंतीवर बसतात.

ईस्टगेट येथे २००४मध्ये याच ग्रॅनाइटमध्ये ९९५ मीटरपर्यंत छिद्र घेतले, तेव्हा तळाशी ४६ अंश तापमान आढळले, आणि ग्रॅनाइटच्या भेगांतून खारट, कोमट पाणी आजही वाहते आहे.