शेजाऱ्यांची भांडणं आणि बोरीचा कापूस

आजच्या व्याख्यानाला जो विषय दिला आहे, त्यात दोन तक्रारी आहेत. पहिली, पुढारी आपलं ऐकत नाहीत. दुसरी, शेजारचे देश आपल्याला सुखानं राहू देत नाहीत. पारावर, चहाच्या हॉटेलात, मोंढ्यात या दोन्ही तक्रारी रोज कानावर पडतात. पण आपण त्या वेगवेगळ्या धरतो. आम्हाला आज एवढंच मांडायचं आहे, की या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. राज्यकर्त्यावरचा राग फार लवकर शेजाऱ्याकडे वळतो. तो वळला की सीमेवर व्यापार अडतो, आणि त्याचं बिल शेवटी कापूस उत्पादकाच्या पट्टीतून वसूल होतं.

कोणी म्हणेल, बोरीला सीमेचं काय? पाकिस्तानची हद्द इथून शेकडो किलोमीटर लांब, बांगलादेशची त्याहून लांब. खरं आहे. पण दोन राज्यांच्या भांडणात सापडणं म्हणजे काय असतं, हे या गावाच्या मागच्या पिढ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

घरचा अनुभव

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात हिंगोलीही होती, आणि जिल्ह्याच्या उत्तरेला वऱ्हाड. तो मुलूख आधी इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून स्वतंत्र भारतात. भाषा एक, देव एक, सोयरीक दोन्हीकडे. मधे मात्र हद्द.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. तो काही नीट पाळला गेला नाही. हैदराबादनं मौल्यवान धातू भारतात पाठवायला बंदी केली, भारतीय चलन संस्थानातल्या व्यवहारातून काढलं, पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज दिलं. इकडे भारताकडून संस्थानात येणाऱ्या मालाची कोंडी झाली. दोन सरकारांनी एकमेकांची नाडी आवळली आणि झळ लागली ती गावाला.

या ताणाच्या मुळाशी काय होतं, ते पाहिलं पाहिजे. संस्थानातल्या जनतेला जबाबदार राज्यपद्धती हवी होती. म्हणजे राज्य करणाऱ्यानं लोकांना जाब द्यावा, इतकी साधी गोष्ट. १९३८ साली स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात जावं लागलं. लोकांचं म्हणणं ऐकायचं सोडून राजवटीनं कासीम रझवीच्या रझाकारांना मोकळं रान दिलं आणि भारत हा शत्रू आहे अशी हाकाटी सुरू झाली. घरातल्या असंतोषाला बाहेरच्या शत्रूचं झाकण घालायचं, ही युक्ती तेव्हाची.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत संस्थान भारतात आलं. मुक्तिसंग्रामाचा अभिमान आपल्याला आहे, असलाच पाहिजे. पण त्यानंतरच्या दिवसांत संस्थानातल्या अनेक गावांत साध्या मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले, हेही सांगायला हवं. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ते नोंदवलं. सर्वांत वाईट स्थितीच्या चार जिल्ह्यांत आपल्या बाजूचा नांदेडही होता. राग निजामावर आणि रझाकारांवर होता. मार मात्र ज्यांचा राज्याशी काही संबंध नव्हता अशा शेजाऱ्यांनी खाल्ला.

शेजारी देशांत काय घडलं

आता आजच्या काळात येऊ. गेल्या काही वर्षांत आपल्या तीन शेजाऱ्यांकडे लोकांनी सरकारं उलथवली. श्रीलंकेत जुलै २०२२ मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या सरकारनं रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली होती. त्यात भात आणि चहा उत्पादक किती अडचणीत आले, ते खतासाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून विद्यार्थी उठले आणि ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना भारतात आल्या. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरच्या बंदीचं निमित्त झालं. तरुण रस्त्यावर आले आणि पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना राजीनामा द्यावा लागला.

यातलं बांगलादेशचं प्रकरण आपल्याशी थेट जोडलेलं आहे. हसीनाबाईंना भारतानं आसरा दिला, म्हणून तिकडच्या लोकांचा त्यांच्यावरचा राग भारतावर वळला. तिथल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांच्या बातम्या आल्या आणि इकडेही संताप झाला. दोन्हीकडची जनता तापलेली असली की कोणत्याही सरकारला मऊ बोलणं परवडत नाही. मग निर्णय कसे झाले पाहा. ८ एप्रिल २०२५ ला भारतानं बांगलादेशचा माल आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशात पाठवायची सवलत काढली. १३ एप्रिलला बांगलादेशनं भारतातून जमिनीच्या मार्गानं येणारं सूत बंद केलं. १७ मे ला भारतानं त्यांचे तयार कपडे जमिनीच्या मार्गानं आणायला मनाई केली. आता ते न्हावाशेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच यायचे. सव्वा महिन्यात तीन दारं लागली.

कापसाचं गणित

यातला सुताचा निर्णय बोरीपर्यंत कसा पोचतो? एक क्विंटल कापूस सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये गेला, की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी. १७० किलो रुईची एक गाठ, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. गाठी सूतगिरण्यांकडे जातात. गिरण्यांचं सूत देशात खपतं आणि बाहेरही जातं. बाहेरच्या गिऱ्हाइकांत बांगलादेश फार मोठं. त्यांच्याकडे कापूस जवळजवळ पिकतच नाही, आणि त्यांच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त भाग तयार कपड्यांचा. जमिनीचा रस्ता बंद झाला तरी समुद्रानं सूत जातंच, पण वेळ आणि वाहतूक वाढते. गिरणीवाला तो खर्च स्वतःच्या खिशातून भरत नाही. तो रुई घेताना हात आखडतो, जिनिंगवाला कापूस घेताना आखडतो, आणि शेतकऱ्याच्या मागे तर कोणीच नसतं.

पाकिस्तानचंही असंच झालं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात हल्ला झाला, त्यानंतर भारतानं पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये कलम ३७० नंतर पाकिस्ताननं व्यापार थांबवला. आपली रुई घेणारं जवळचं एक गिऱ्हाईक गेलं. ३१ मार्च २०२१ ला त्यांच्याच अर्थमंत्र्यांनी भारतातून कापूस आणि साखर आणायचं जाहीर केलं, कारण त्यांच्या गिरण्यांना कापूस कमी पडत होता. दुसऱ्याच दिवशी इम्रान खान यांच्या मंत्रिमंडळानं ते रोखलं. म्हणजे तिकडचा कापडवालाही आपल्या पुढाऱ्यांवर चिडलेलाच होता.

एक गोष्ट स्पष्ट करतो. कापसाचा भाव पडला, तर त्याचं सगळं खापर शेजाऱ्यांवर फोडता येत नाही. जगातलं उत्पादन, पॉलिस्टरसारखे धागे, आपली कमी उत्पादकता, बोंडअळी, सप्टेंबर २०२५ सारखी अतिवृष्टी, हे सगळं त्यात आहे. आणि कित्येकदा दार शेजारी लावत नाही, आपलंच सरकार लावतं.

आपलंच दार

५ मार्च २०१२ ला केंद्रानं कापसाची निर्यात एकाएकी बंद केली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच आपल्याला अंधारात ठेवलं असं उघड सांगितलं. ओरड झाली आणि आठवड्याभरात सरकारनं पाऊल मागे घेतलं. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा भरलेले ट्रक बांगलादेशच्या सीमेवर अडकून पडले. कांदा सडला नाशिक-नगरच्या शेतकऱ्याचा, आणि ढाक्यात भारताच्या शब्दावरचा भरवसा कमी झाला. आदल्याच वर्षी शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन सांगितलं होतं, बंदी घालायची तर आधी कळवत जा.

ताजं उदाहरण ऑगस्ट २०२५ चं. रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड उद्योगाला फटका बसणार, म्हणून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. तारखा नीट पाहा. जूनमध्ये पेरणी झाली तेव्हा हे शुल्क लागू होतं. झाडाला पात्या-बोंडं धरली तेव्हा ते गेलं. आणि दसरा ते डिसेंबर, म्हणजे आपली वेचणी आणि विक्रीचे जे महिने, तेच नेमके माफीचे महिने. २०२५ च्या त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये होता, लांब धाग्याचा ८,११० रुपये. खेडा खरेदीत काय मिळालं, ते इथं बसलेल्यांना ठाऊक आहे. भांडण वॉशिंग्टन, मॉस्को आणि दिल्लीचं. गिरणीला दिलासा मिळाला. शेतकऱ्याला काय, तर ‘सीसीआयकडे जा’. तिथं ॲपवर नोंदणी करा, तारीख मिळवा, आणि कापसात १२ टक्क्यांवर ओलावा नको.

एक सरकार २०१२ चं होतं, दुसरं २०२५ चं. पक्ष वेगळे, पद्धत तीच. म्हणून हा प्रश्न आम्ही कोण्या एका पक्षाचा मानत नाही.

मग देश आधी की कापूस?

हा प्रश्न आम्हाला गावोगाव विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आमचं उत्तर असं, की देश आधी. दहशतवादी हल्ला झाल्यावर व्यापार थांबवायचा निर्णय सरकार घेऊ शकतं, घ्यावाही. पण तो निर्णय साऱ्या देशाच्या भल्यासाठी असेल, तर त्याची किंमतही साऱ्या देशानं वाटून घ्यावी. एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या गळ्यात ती घालणं म्हणजे देशभक्ती दुसऱ्याच्या खर्चानं करणं झालं.

आणि जाब विचारायचा तर दार माहीत पाहिजे. आपण राग काढतो तलाठ्यावर, ग्रामसेवकावर, फार तर आमदारावर. यातला कोणताही निर्णय त्यांच्या हातात नाही. हमीभावाची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो आणि निर्णय केंद्राचं मंत्रिमंडळ घेतं. आयात शुल्क अर्थ मंत्रालय ठरवतं. निर्यातीवरचे निर्बंध वाणिज्य मंत्रालयाच्या अधिसूचनेनं येतात. सीसीआय वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आहे. चारही दारं दिल्लीत. शुल्क उठवायला किंवा निर्यात थांबवायला आधी संसदेला विचारावं लागत नाही, एका अधिसूचनेत काम होतं. म्हणून तर ते रातोरात होतं. तिथपर्यंत आपला आवाज नेणारा माणूस म्हणजे खासदार, आणि जिंतूर तालुका परभणी लोकसभा मतदारसंघात येतो.

मागण्या तीनच ठेवाव्यात, असं आम्हाला वाटतं. एक, पेरणीच्या वेळी जे आयात-निर्यातीचं धोरण असेल, ते विक्रीचा हंगाम संपेपर्यंत बदलू नये. दोन, बदलणं अगदी अटळच असेल, तर आधीच झालेले सौदे आणि वाटेतला माल त्यातून वगळावा. तीन, परराष्ट्र धोरणापायी भाव हमीभावाखाली गेला, तर फरक सरकारनं थेट शेतकऱ्याला द्यावा. ग्रामसभेत असा ठराव करता येतो. त्याची प्रत खासदारांना देऊन, लोकसभेत तारांकित प्रश्न विचारा, असं लेखी मागता येतं. त्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. एका गावाचा कागद टोपलीत जाईल. तालुक्यातल्या गावागावांतून तेच तीन मुद्दे गेले, तर टोपलीत टाकणं तितकं सोपं राहत नाही.

तोवर कोणी पुढारी भाषणात शेजारच्या देशाचं, शेजारच्या जातीचं किंवा धर्माचं नाव घेऊन टाळ्या मागू लागला, की आपण त्याला शांतपणे विचारावं, साहेब, कापसावरचं शुल्क कोणत्या तारखेला उठलं आणि तेव्हा तुम्ही कुठं होतात? आता तुमचे प्रश्न घेऊ.