डीबगरची साक्ष आणि तिची कसोटी

कोणत्याही चौकशीत दोन प्रश्न प्रथम विचारले जातात. घटना कोठे घडली, आणि ती कोणाच्या आदेशाने घडली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा लगेच मिळते. दुसऱ्यासाठी मात्र आदेशांची साखळी शेवटच्या दुव्यापासून पहिल्यापर्यंत उलट दिशेने तपासावी लागते. संगणकाची आज्ञावली मध्येच बंद पडली, म्हणजे हेच काम ‘डीबगर’ नावाचे साधन करते. त्याच्या साक्षीवरून दोष कोणाच्या पदरी घालावयाचा हे ठरत असल्याने, या साक्षीदाराचीच परीक्षा कशी घेतली जाते हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

आज्ञांची उतरंड

मोठी आज्ञावली अनेक लहान कार्यखंडांची बनलेली असते. त्यांना ‘फंक्शन’ म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्यास काम सांगते, दुसरे तिसऱ्यास. सांगितलेले काम संपल्यावर कोठे परतावयाचे, तो पत्ता संगणक आपल्या स्मृतीच्या एका राखीव भागात ठेवतो. शेवटी ठेवलेला पत्ता प्रथम काढला जातो. घरातील मडक्यांच्या उतरंडीसारखीच ही रचना असून तिला ‘कॉल स्टॅक’ असे नाव आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ च्या अखेरीस लिहिलेल्या संगणकाच्या आराखड्यात परतीचा पत्ता ‘पुरून ठेवणे’ आणि ‘उकरून काढणे’ अशा अर्थाच्या शब्दांनी ही कल्पना मांडली होती. डीबगर ही उतरंड एकेक थर करून उलगडतो आणि कोणी कोणास बोलावले याची यादी देतो.

मधला दुवा कसा निसटतो

हे काम दिसते तितके सरळ नाही. समजा, ‘मुख्य’ या फंक्शनने ‘सरासरी’स बोलावले आणि ‘सरासरी’ने ‘भागाकार’ास. ‘सरासरी’ने चुकून भाजक म्हणून शून्य पाठविले. आज्ञावली ‘भागाकार’ामध्ये बंद पडते, परंतु दोष असतो ‘सरासरी’चा.

आज सर्वत्र रूढ असलेल्या ६४ बिटांच्या एक्स-८६ जातीच्या प्रोसेसरमध्ये ‘फ्रेम पॉइंटर’ म्हणून एक रजिस्टर वापरण्याची प्रथा आहे. चालू फंक्शनचा उतरंडीतील भाग कोठे आहे हे ते दाखविते आणि त्यापुढील ८ बाइटांवर परतीचा पत्ता सापडतो. मात्र फंक्शनमध्ये शिरल्यावर ही मांडणी करण्यास दोन आज्ञा लागतात. त्या पूर्ण होण्याआधीच आज्ञावली थांबविली, तर रजिस्टर अद्याप ‘सरासरी’च्याच भागाकडे बोट दाखवीत असते. तेथे सापडणारा पत्ता ‘सरासरी’ने कोठे परतावे याचा, म्हणजे ‘मुख्य’मधला असतो. केवळ या रजिस्टरवर विसंबणारा डीबगर मग सांगतो की, ‘मुख्य’ने थेट ‘भागाकार’ास बोलावले. ‘सरासरी’चे नाव यादीतून नाहीसे होते. फंक्शन संपताना, अगदी शेवटच्या आज्ञेवरही हेच घडते. ‘भागाकार’ फ्रेम पॉइंटरची मांडणी न करता तयार केले असेल, तर आरंभापासून अखेरपर्यंत हाच प्रकार. यादी मात्र वरकरणी निर्दोष दिसते, आणि खरा धोका तोच आहे.

प्रत्येक आज्ञेची नोंद

यावर उपाय म्हणून आज्ञावली तयार करतानाच तिच्यासोबत एक तक्ता जोडला जातो. ‘ड्वार्फ’ या नावाच्या प्रमाण पद्धतीत अशा तक्त्याची तरतूद असून तिची पाचवी आवृत्ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. अमुक आज्ञेवर असताना परतीचा पत्ता कसा शोधावा, हे तक्ता सांगतो. वरील उदाहरणात मोजणीचा संदर्भबिंदू पहिल्या आज्ञेवर उतरंडीच्या टोकापासून ८ बाइटांवर असतो. जुन्या पॉइंटरची किंमत साठविताच तो १६ बाइटांवर जातो. अंतर बदलले तरी बिंदू तोच राहतो.

कसोटीची पद्धत

कसोटीचे सूत्र यातूनच निघते. प्रथम अशी लहान आज्ञावली लिहावयाची, की जिच्यातील आदेशांची साखळी परीक्षकास आधीच ठाऊक आहे. मग फंक्शनच्या पहिल्या आज्ञेवर थांबावयाचे, एकेका आज्ञेने पुढे सरकावयाचे आणि प्रत्येक पावलावर डीबगरला संपूर्ण साखळी विचारावयाची. नावे, त्यांचा क्रम आणि संख्या प्रत्येक वेळी तीच आली पाहिजे. संदर्भबिंदू ढळता कामा नये आणि रजिस्टरांच्या जुन्या किमती जशाच्या तशा परत मिळाल्या पाहिजेत. शंभर आज्ञांपैकी नव्व्याण्णव ठिकाणी बरोबर उत्तर देणारा डीबगरही या कसोटीस उतरत नाही. एलएलडीबी या डीबगरच्या चाचण्यांत अशी पावलागणिक तपासणी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या जीडीबी या डीबगरसोबतही चाचण्यांचा मोठा संच असतो. त्यात उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांखेरीज ‘ज्ञात दोष’ असाही शेरा आहे. दोष झाकावयाचा नाही, नोंदवावयाचा, ही त्यामागील भूमिका होय.

न कळल्यास थांबणे

चांगल्या परीक्षेत कठीण प्रश्नही असावे लागतात. म्हणून काही चाचण्यांत तक्ता मुद्दाम चुकीचा दिला जातो, तर काहींत उतरंडच बिघडवून ठेवली जाते. अशा वेळी डीबगरने तर्काने नावे जुळवू नयेत, तसेच एकाच थराभोवती अखंड फिरतही राहू नये, अशी अपेक्षा असते. मागचा थर आणि चालू थर एकच निघाला, तर जीडीबी उतरंड बिघडली असावी असा इशारा देऊन तेथेच थांबतो. अपुरी पण प्रामाणिक साक्ष ही पूर्ण पण खोट्या साक्षीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर, हे तत्त्व येथे पाळले जाते.

हा प्रश्न जुना असला तरी आजही जिवंत आहे. गती वाढविण्यासाठी अनेक वर्षे फ्रेम पॉइंटर वगळण्याचा प्रघात होता. आज्ञावलीचा वेळ कोठे खर्च होतो याचा माग काढणे त्यामुळे अवघड होऊ लागले, म्हणून फेडोरा या संगणक-प्रणालीने २०२३ साली आणि उबुंटूने २०२४ साली तो पुन्हा स्वीकारला. थोडी गती गेली तरी चालेल, पण माग सुटता कामा नये, असा हा निर्णय होता.

आज कार्यालयातील दाखले, देयके आणि नोंदी संगणकावर तयार होतात. त्यांत चूक निघाली की ‘संगणकाची चूक’ असे म्हणून विषय संपविण्याकडे आपला कल असतो. परंतु प्रत्येक चुकीमागे आदेशांची एक साखळी असते आणि ती उलगडता येते. उलगडणारे साधन पारखून घेतलेले असेल, तरच दोष योग्य जागी दुरुस्त होतो. एरवी दुरुस्ती ‘भागाकार’ात होते, आणि ‘सरासरी’ दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य पाठविते.