नाव सापडलं, खुनी नाही

फिलाडेल्फियाच्या 'खोक्यातल्या मुला'चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते ना? ते तर २०२२मध्ये डीएनएनं सुटलं." परवा भाच्यानंही तेच ऐकवलं, वर "मामा, तू जुनंच धरून बसलायस" अशी पुस्तीही जोडली. अरे बाबा, सापडलं ते मुलाचं नाव. त्याला मारलं कुणी, हे आजही सिद्ध झालेलं नाही.

फेब्रुवारी १९५७मध्ये शहराच्या फॉक्स चेस भागात, सस्क्वेहाना रस्त्यालगतच्या झाडीत पुठ्ठ्याचं एक खोकं सापडलं. जे. सी. पेनीच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पाळण्याचं. आत चौकड्यांच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं एक उघडं, कुपोषित पोर, डोक्यावर जबर मार. नखं कापलेली. केस नुकतेच, कसेबसे कापलेले आणि त्यांचे बारीक तुकडे अंगाला तसेच चिकटलेले.

आता डीएनएचं. मालिकांमुळे आपल्याला वाटतं, नमुना यंत्रात घातला की पडद्यावर खुन्याचा फोटो येतो. इथे नमुना होता मुलाच्याच अवशेषांचा. तो सांगणार मूल कोणाचं ते. मारणाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. १९९८मध्ये एकदा आणि २०१९मध्ये पुन्हा थडगं उकरलं गेलं. डीएनए इतका झिजलेला होता की नुसती वापरण्याजोगी माहिती मिळवण्यातच दोन वर्षांहून जास्त काळ गेला. मग लोकांनी आपणहून वंशावळीच्या संकेतस्थळांवर दिलेल्या नमुन्यांशी ती ताडून पाहिली. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो, त्यापुढच्या पिढीच्या चुलत-मावस भावंडांत जेमतेम तीन. असे धागे जुळवत तज्ज्ञ आईच्या घराण्यापर्यंत पोचले. पुढचं काम जुन्याच पद्धतीचं: कोर्टाचा आदेश आणि जन्मनोंदी. जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म १३ जानेवारी १९५३. म्हणजे खून झाला तेव्हा वय फक्त चार.

"मग आईबापांनीच मारलं!" हा त्याचाच पुढचा भाग, आणि याचा मला जास्त राग येतो. ८ डिसेंबर २०२२च्या पत्रकार परिषदेत पोलिसांनी आईबापांची नावंसुद्धा घेतली नाहीत. दोघंही हयात नाहीत, भावंडं आहेत. आमचा काही संशय आहे, पण तो बोलून दाखवणं बेजबाबदारपणाचं होईल, असं तपास अधिकारी म्हणाले. जे त्यांनी टाळलं ते आपण चहा पिता पिता उरकतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. "पोलिसांनी हलगर्जी केली": मुलाच्या चेहऱ्याची चार लाख पत्रकं वाटली गेली, गॅसच्या बिलांबरोबरसुद्धा. "अतींद्रिय शक्तीवाल्या बाईनं घर दाखवलं होतं": रेमिंग्टन ब्रिस्टो हा शवचिकित्सा कार्यालयातला तपासनीस १९९३मध्ये मरेपर्यंत त्या घरामागे लागला होता, हाती काही आलं नाही. "इतक्या वर्षांनी खटला कसला?": पेनसिल्व्हेनियात खुनाला मुदत नाही.

आयव्ही हिल दफनभूमीत त्याच्या दगडावर 'अमेरिकेचं अज्ञात मूल' असं कोरलेलं होतं. १३ जानेवारी २०२३ला, जो त्याचा सत्तरावा वाढदिवस झाला असता, तिथे त्याच्या नावाचा दगड बसला. पोलिसांच्या दफ्तरी खुनाचा तपास मात्र चालूच आहे.